जखमींचा प्रश्न

४ फेब्रुवारी

ठेंगू गेली. लष्करी तळाच्या फाटकापाशी आम्हाला थांबवलं, पुढे फक्त जाणाऱ्यांनी जायचं. हिने लेकीच्या कॉलरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं. मी म्हणालो, "पाणी उकळून पी." मुलगी लष्करात डॉक्टर, कॅप्टन, आणि मी तिला पाणी उकळायला सांगतोय. ती म्हणाली, "बाबा, सभागृहात फार वेळ बसून राहू नका, कंबर धरते तुमची." आणि वळून चालायला लागली. मागे पाहिलं नाही. ते बरंच झालं.

लहानपणी वर्गात सगळ्यांत बुटकी होती म्हणून ठेंगू. आता माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

परतताना गाडीत मीच बोलत होतो, सवयीने. समुद्रापलीकडच्या त्या बंदराचं रक्षण करू, असा शब्द सरकारने मित्रराष्ट्राला दिला आणि फौज पाठवली. बंदरापर्यंत ठीक होतं. पण बंदरापासून आत डोंगरात जाणारा रस्ताही आता आपल्याच गळ्यात पडलाय, आणि खरी लढाई तिथेच चालली आहे. आमचा पक्ष विरोधात. संरक्षणावर बोलण्याचं काम माझ्याकडे. हाडांचा डॉक्टर संरक्षणावर काय बोलणार, असं पक्षातलेच लोक म्हणतात. मी म्हणतो, हाडं मोडतात कुठे मग?

ही म्हणाली, "जरा गप्प बसाल का?"

११ फेब्रुवारी

वैमानिक आला होता. शाळेपासूनचा मित्र. हवाई दलातून निवृत्त झाला तरी सगळी उठबस अजून त्याच लोकांत. चहा संपेपर्यंत गुडघ्याच्या तक्रारी सांगितल्या. मग म्हणाला, "जखमींना उचलून आणणारी हेलिकॉप्टरं आहेत ना, त्याबद्दल कुणी विचारलंय का तुमच्यात?"

"आहेत की पुरेशी. मंत्र्यांनी सांगितलं."

"कागदावर आहेत. उडणारी किती ते विचार. सुटे भाग आलेच नाहीत. बहुतेक सगळी बंदरावर ताडपत्रीखाली उभी आहेत. एखादं उडतं, ते साहेब लोकांच्या पाहणीला."

"मग डोंगरातला जखमी?"

"रस्त्याने."

"किती वेळ लागतो?"

"रस्ता मोकळा असला तर अर्धा दिवस." खुर्चीतून उठताना गुडघा धरून म्हणाला, "असला तर."

मी वीस-बावीस वर्षं अपघाताचे पेशंट पाहिलेत. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस अर्धा दिवस वाट पाहत नाही. हे कळायला संरक्षणतज्ज्ञ असावं लागत नाही.

दारात म्हणाला, "माझं नाव कुठे घेऊ नकोस." मी म्हणालो, "नाव घ्यावं असा तू आहेस कोण?" दोघेही हसलो. मग हसू ओसरलं आणि तो जिना एकेक पायरी करत उतरला.

१९ फेब्रुवारी

विचारला. मुद्दाम एकच प्रश्न विचारला, साध्या भाषेत. डोंगरातल्या चौकीवर जवान जखमी झाला, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचायला त्याला किती वेळ लागतो?

संरक्षणमंत्री उभे राहिले. सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नाही. त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन मीच केलं होतं. अजून भेटले की आईच्या चालण्याची बातमी देतात. म्हणाले, "सन्माननीय सदस्य डॉक्टर आहेत, त्यांची कळकळ मी समजू शकतो. पुरेशी व्यवस्था करण्यात आली आहे."

"पुरेशी म्हणजे किती तास?"

"पुरेशी."

पलीकडच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. "शत्रू ऐकतोय!" "बसा खाली!" मी म्हणालो, शत्रूला ठाऊकच आहे, तो रोज आपल्या रुग्णवाहिका रस्त्यावर मोजतोय, ठाऊक नाही ते फक्त या सभागृहाला. तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणतात, आपण माणूस मेल्यावर खणणार आहोत काय? आमच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या. सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला.

बाहेर थोरल्यांनी पाठीवर हात ठेवला. आम्ही पक्षाध्यक्षांना थोरले म्हणतो. वयाने ते माझ्याहून लहान आहेत, पण काही माणसं जन्मतःच थोरली असतात. "डॉक्टर, आज तुम्ही बाण बरोबर मारलात. हा विषय सोडायचा नाही."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.

२० फेब्रुवारी

वर्तमानपत्रात माझं चित्र. खाली मथळा : शत्रूला वाट दाखवणारा डॉक्टर. चित्र बऱ्यापैकी आलंय, असं ही म्हणाली.

२२ फेब्रुवारी

ठेंगूचा फोन. ती बंदरावरच्या लष्करी रुग्णालयात आहे, म्हणजे त्यातल्या त्यात सुरक्षित.

"बाबा, इथे सगळ्यांनी पाहिलं तुमचं भाषण. जेवणाच्या तंबूत लावलं होतं."

"मग? काय म्हणाले?"

"विचारतात."

"काय विचारतात?"

"तुम्ही जे विचारलंत तेच. वर चौकीवर जाणारी मुलं येऊन विचारतात. मॅडम, मला लागलं तर हेलिकॉप्टर येणार ना? आधी कुणी विचारत नव्हतं."

म्हणजे प्रश्न थेट तिथवर पोहोचला! मी म्हणालो, "बघ, जागृती झाली की नाही?" ती म्हणाली, "हो, झाली. आईला द्या."

ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बोलत होत्या.

२७ फेब्रुवारी

दवाखान्याच्या काचेवर कुणीतरी दगड मारला. काचेचं काय, बसवता येते. पण कंपाउंडर दुपारी हातात किल्ल्या घेऊन समोर उभा राहिला. माझ्याकडे त्याचे केस पांढरे झालेत. म्हणाला, "साहेब, वस्तीत तोंड दाखवता येत नाही. बायको म्हणते, देशद्रोह्याकडे कशाला झाडलोट करायची? मला तसं वाटत नाही. पण मला त्या घरात राहायचंय."

मी किल्ल्या घेतल्या.

त्याहून वाईट संध्याकाळी झालं. एक बाई आल्या, दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट बसवलं होतं. मला वाटलं मनगट दाखवायला आल्या. त्या बसल्याच नाहीत. "डॉक्टर, माझा मुलगा वर चौकीवर आहे. तुम्ही बोललात त्या दिवसापासून घशाखाली घास उतरत नाही. तुम्हाला त्याच्यासाठी काही करता येणार असेल तर करा. नसेल करता येणार, तर निदान मला कळवू तरी नका."

मी त्यांचं मनगट पाहिलं. छान जुळलं आहे.

४ मार्च

मंत्र्यांनी त्यांच्या दालनात बोलावलं होतं, एकट्याला. वाटलं धमकी देतील. मोठं दालन, जड पडदे, भिंतीवर नकाशा, आणि नकाशावर ते बंदर माझ्या नखाएवढं. चहा त्यांनी स्वतः ओतला.

"डॉक्टर, मी राजकारण बोलत नाही. तुमची मुलगी तिकडे आहे. इथल्या लष्करी रुग्णालयात जागा आहे, माणसं खरोखरच कमी आहेत. उद्या सही करतो, आठवड्यात ती घरी."

"आणि मी प्रश्न विचारणं बंद करायचं?"

"मी तसं म्हटलं का?" खरंच म्हणाले नव्हते. कप बशीत ठेवत म्हणाले, "आईनेच सुचवलं. म्हणाली, ज्यांनी मला पायावर उभं केलं त्यांच्या पोरीचं बघ."

मी उभा राहिलो. म्हणालो, "इतरांच्या मुलांनाही परत आणणार असाल तर माझ्याही मुलीला आणा." आणि निघालो. मागून ते म्हणाले, "एकदा घरी विचारून तरी बघा."

जिना उतरताना छाती भरून आली होती. आपण विकले गेलो नाही, एवढं तरी म्हणता येईल.

हिला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? उगाच जीव टांगणीला.

१० मार्च

ठेंगूला वर पाठवलं. डोंगरातल्या चौकीवर, जिथे आजवर डॉक्टर कधी ठेवलाच नव्हता, तिथे तंबूत दवाखाना काढलाय आणि ती त्याची प्रमुख. मला तिच्या रुग्णालयाच्या कार्यालयातून कळलं. सरकारी आवाजात सांगितलं, "तिकडे बदली."

तर हे असं आहे! नाही म्हटलं म्हणून सूड. आईच्या नावाने चहा पाजायचा आणि पाठीमागून हे.

स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. थांबली नाही. मी म्हणालो, "कळतंय का तुला? माझ्यावरचा राग पोरीवर काढला त्यांनी."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मग काय, ती आपल्या पायांनी गेली?"

हिने माझ्याकडे पाहिलं. ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली. कपडे अजून ओलेच होते.

१४ मार्च

थोरल्यांकडे गेलो. दुसरा प्रश्न तयार आहे, सुटे भाग कुणी अडवले, का अडवले, सगळं. उद्याच विचारतो म्हणालो. शिवाय मुलीची बदली. सभागृह डोक्यावर घेतो.

थोरल्यांनी दार लावून घेतलं. "डॉक्टर, जरा दमाने. सरकार सगळ्या पक्षांना बरोबर घ्यायच्या विचारात आहे. युद्धकाळ आहे. तीन-चार खाती आपल्याला मिळतील."

"तुम्हीच म्हणालात विषय सोडायचा नाही."

"सोडत कुठे आहोत? खिशात ठेवतोय. आत गेलो की आतून सोडवू. दोन आठवडे फक्त. आणि मुलीच्या बदलीचं बोलू नका सभागृहात. लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीसाठी गळा काढतोय."

हा शेवटचा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी गप्प बसलो. असं मी स्वतःला सांगतोय. खरं म्हणजे मी दमलो होतो. मंत्र्यांचा तो एक चहा सोडला तर पंधरा दिवसांत मला कुणी चहा विचारला नव्हता, आणि थोरल्यांनी विचारला.

प्रश्न मागे घेतला.

१८ मार्च

तिचा फोन. आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा.

"बाबा, दुसरा प्रश्न कधी विचारताय? मुलं वाट बघतायत."

"येत्या आठवड्यात."

"नक्की?"

"नक्की. तू कशी आहेस?"

"बरी आहे. मी आल्यापासून मुलं जरा निवांत झोपतात. पण बाबा, नुसत्या माझ्या असण्याने किती होणार? इथे रक्त साठवायची सोय नाही. टाके घालून, पट्टी दाबून, किती वेळ धरून ठेवू मी? हेलिकॉप्टर पाहिजेच. तुम्ही सोडू नका हां."

मी म्हणालो, "मला माहीत आहे, त्यांनी तुला मुद्दाम तिथे पाठवलंय. मी बघून घेईन त्यांना."

मग, "बाबा, आवाज तुटतोय," म्हणाली. मला तर नीट ऐकू येत होतं.

आयुष्यात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो. येत्या आठवड्यात विचारणार नव्हतो. पण लगेच मनात आलं, पुढच्या पंधरवड्यात नक्की. डॉक्टर लोक पेशंटला असंच सांगतात, आणि पेशंटही ते असंच ऐकतात.

२५ मार्च

काल दुपारी दवाखान्यात पेशंट तपासत होतो. दोन अधिकारी आले, टोप्या काखेत धरून. त्यांच्या टोप्यांकडे पाहूनच कळलं.

तंबूवर तोफगोळा पडला. तिला जिवंत बाहेर काढलं. रस्त्याने बंदराकडे निघाले होते. बंदर आलं नाही.

मी विचारलं, "किती वेळ होती?"

मोठा अधिकारी कर्नल होता. म्हणाला, "सर, तो तपशील आत्ता माझ्याकडे नाही."

समोर बसलेला एक म्हातारा पेशंट उठला, त्याने आपली खुर्ची मला पुढे केली. त्याचा गुडघा सुजलेला होता. मी बसलो.

२९ मार्च

लिहिणार नव्हतो. लिहिलं नाही तर काय करायचं, तेही कळत नाही.

तिला आणलं. पेटी उघडू नका म्हणाले. मी म्हणालो, मी सर्जन आहे. ही म्हणाली, "तुम्ही आज सर्जन नाही." मग नाही उघडली.

३ एप्रिल

अंत्यविधीला सगळे होते. इतके दिवस तोंड फिरवणारे सगळे. मंत्री आले, त्यांच्या आईलाही आणलं होतं, काठी टेकत. म्हाताऱ्या बाई हिच्या गळ्यात पडून रडल्या आणि काहीतरी बोलल्या. मी लांब होतो, ऐकू आलं नाही. त्यानंतर ही कुणाशीच बोलली नाही. माझ्याशीही नाही. दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं.

कंपाउंडर आला होता. दाराशी उभं राहून गेला.

थोरल्यांनी दुपारी दोन कार्यकर्ते घरी पाठवले. सरकारात जायची बोलणी खात्यांवरून फिसकटली आहेत, तेव्हा येत्या रविवारी मोठी सभा. व्यासपीठामागे लावायला ठेंगूचा गणवेशातला फोटो हवा. पोरं चांगली होती, चपला बाहेर काढून आली. मी बसलो होतो तसाच बसून राहिलो. नाही म्हणायला पाहिजे होतं.

ही आतून आली. म्हणाली, "फोटो नाही आमच्याकडे."

पोरांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे फोटोच्या आकाराचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता, खिळाही तसाच होता. त्यांनी माना खाली घातल्या आणि गेली.

फोटो कुठे ठेवलास, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

११ एप्रिल

सकाळी एक परिचारिका आली. लष्करातली, ठेंगूबरोबर वर चौकीवर होती. डावा हात गळ्यात बांधलेला, त्यावरचं प्लास्टर कुणीतरी घाईत केलेलं. ही बाजारात गेली होती. मी चहा ठेवतो म्हणालो, तर म्हणाली, "नको सर, बसा. मला एकदा बोलून टाकू दे, मग मी जाते."

तिशीची असेल. माझ्याकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती.

"खरं सांगू? आमचा सगळ्यांचा राग होता तुमच्यावर. तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं. पण आम्हाला ते आधीच माहीत होतं, आणि माहीत असूनही आम्ही काम करत होतो. तुम्ही बोलल्यावर मुलांनाही माहीत झालं. दोघांनी वर जायला नकार दिला, त्यांना अटक झाली. एकजण जाताना मॅडमचा हात सोडेना. तुमच्याच बाबांनी सांगितलंय ना, म्हणाला, की मला कुणी न्यायला येणार नाही."

"मग?"

"मग मॅडम मोठ्या साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, जखमींना हेलिकॉप्टरने खाली आणता येत नसेल तर डॉक्टर वर न्या. साहेब नाही म्हणाले. बाईमाणूस, त्यातून तुमची मुलगी. काही झालं तर बोंब होईल. त्या तीन दिवस त्यांच्या दाराशी बसल्या. शेवटी सही घेतलीच."

मी म्हणालो, "तिला मंत्रालयातून पाठवलं. सूड म्हणून."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पेशंटच्या नातेवाइकांकडे असं पाहत आलोय.

"नाही सर. मंत्रालयातून उलट पत्र आलं होतं, यांना वर पाठवू नका म्हणून. मॅडमनी ते पोचायच्या आधीच गाडी पकडली. मी बरोबर होते."

मग तिने शेवटचं सांगितलं. रस्त्यावर ती स्वतः गाडीत होती, ठेंगूच्या मांडीवर दोन्ही हातांनी दाबून बसलेली. हा डावा हात तेव्हाही मोडलेलाच होता. एका पुलापाशी रस्ता बंद होता. तिथे थांबावं लागलं. किती वेळ, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"शुद्धीवर होत्या बऱ्याच वेळ. मला म्हणत होत्या, जरा वर दाब, अजून वर, हां. शिकवत होत्या."

मी तिचं प्लास्टर पाहिलं. वाईट बसवलंय, हात वाकडा जुळेल. म्हणालो, दवाखान्यात चल, नीट करून देतो. ती म्हणाली, "नको सर, राहू दे." आणि गेली.

१२ एप्रिल

काल दिवसभर हिच्याशी कसं बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. आज सकाळी ती गॅलरीत बसली होती, तिथे गेलो. म्हणालो, "ती आपल्या मनाने गेली होती."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"जायच्या आदल्या दिवशी तिने फोनवर सांगितलं. बाबांना कळू देऊ नकोस म्हणाली. त्यांना कळलं तर ते प्रश्न विचारायचं बंद करतील."

खाली रस्त्यावर कुणीतरी बंद पडलेली गाडी ढकलत होतं. आम्ही दोघं ते पाहत बसलो.

"मी तिला म्हणाले, जाऊ नकोस," ही म्हणाली. "तर म्हणते कशी, आई, बाबांनी बरोबरच विचारलंय, पण त्यांनी विचारलं आणि घरी गेले. इथे कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे ना."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण धरलाही नाही. मग म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"काय?"

"काही नाही. विचारलं आपलं."

मंत्र्यांच्या आई अंत्यविधीच्या दिवशी हिच्या कानात काय बोलल्या असतील, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तोंड उघडलं. मंत्र्यांचं दालन, तो चहा, ती सही, सगळं जिभेवर आलं. आणि मी म्हणालो, "नाही."

"बरं," ही म्हणाली. उठली आणि आत जाऊन आपली बॅग भरायला लागली. बहिणीकडे जाते म्हणाली, थोडे दिवस. किती दिवस, ते बोलली नाही. मी बॅग खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "गॅस बंद केलाय का बघा."

१७ एप्रिल

आज सभागृहात गेलो. ठरवून गेलो होतो की मागे घेतलेला प्रश्न आज विचारायचाच. थोरल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "विचारा ना डॉक्टर, हक्कच आहे तुमचा." एका झटक्यात हो म्हणाले. तेव्हाच समजायला हवं होतं.

मी आत शिरलो तेव्हा दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. मागे मला 'बसा खाली' म्हणणारे सगळ्यांत आधी उठले. सभापतींनी श्रद्धांजलीचा ठराव वाचला. त्यात ठेंगूचं पद, तिचं शौर्य, आणि एक वाक्य माझ्यावर : दुःख गिळून सभागृहात कर्तव्याला हजर झालेला पिता. शांतता पाळली. मंत्री मधली वाट ओलांडून माझ्या बाकापर्यंत आले, माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माणूस वाईट नाही. कुणीच वाईट नाही यांच्यात; तेच तर कळत नाही मला.

मग मी प्रश्न विचारला. सुटे भाग कुठे अडले? हेलिकॉप्टरं अजून उभीच आहेत का? काल डोंगरात आणखी जखमी झाले, ते कसे आणले? आवाज नीट निघाला. एकही शब्द अडखळला नाही. मी पाहत होतो, सगळे माझ्याकडे पाहत होते, माना हलवत होते, आणि ऐकत कुणीच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी निदान ओरडले तरी होते. ओरडायचं तर आधी ऐकावं लागतं. आता मी काहीही विचारलं तरी तो प्रश्न राहिलेला नाही, एका बापाचं दुःख झालंय. आणि दुःखाला उत्तर द्यायचं नसतं, त्याच्यासमोर उभं राहायचं असतं. त्यांचं उभं राहून झालं होतं.

मंत्री उठले. म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी सरकार पूर्णपणे सहमत आहे.

बाकं वाजली, दोन्हीकडची. मी अजून उभाच होतो. शेजारच्या सदस्याने हळूच माझ्या कोटाचं टोक ओढलं, म्हणाला, "डॉक्टर, बसा आता. झालं."

मी बसलो. सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला. तो नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळाबद्दल होता. किती गाळ, किती खोल, कधीपर्यंत निघेल, कोणती यंत्रं, त्यातली चालू किती आणि दुरुस्तीला किती. त्या खात्याचे मंत्री उभे राहिले आणि कागदात न पाहता एकेक आकडा सांगत गेले. पूर्ण तयारीत आले होते.